एमएससाठी चालायचं, तर तिलाही सोबत घ्यावं लागेल

गेल्या महिन्यात आमच्या युवा गटाची बैठक होती. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका धम्मबंधूने प्रस्ताव मांडला, की मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारावरच्या संशोधनासाठी जालना शहरात पदयात्रा काढू आणि निधी गोळा करू. बैठकीला वीसेक जण होतो. आजाराचं नाव आधी ऐकलेले तिघेच निघाले.

एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी लगेच हरकत घेतली. "पोरांची शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही. वस्तीत नळाला पाणी नाही. आणि आपण कुठल्या विलायती रोगाच्या संशोधनाला वर्गणी द्यायची?" काकांचा प्रश्न खोटा नाही. आपल्या समाजाचा रुपया कष्टाचा आहे आणि तो कुठे जातो हे विचारायलाच हवं. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या वेळी एक चेहरा होता, म्हणून मी गप्प बसू शकले नाही. बैठकीत वेळ कमी पडला. तिथे जे सांगायचं राहिलं, ते इथे लिहिते आहे.

ती कोण?

अंबड-घनसावंगी पट्ट्यातली आपलीच एक मुलगी. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव देत नाही. सव्विसाव्या वर्षी तिला एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं, डोळा हलवला की दुखायचा. चष्मा मिळाला. चार-पाच आठवड्यांत दिसणं आपोआप सुधारलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं चष्म्याने गुण आला. दोन वर्षांनी कापूस वेचताना पाय बधिर झाले. तेही काही दिवसांनी सुधारलं. मग कमरेपासून खाली मुंग्या, तोल जाणं, लघवीवर ताबा न राहणं आणि सकाळी उठल्या उठल्या अंगात त्राण नसणं. सासरी म्हणायचे, "कामाची चोर आहे." नंतर म्हणायला लागले, "बाहेरचं आहे." दोन भगत झाले. अखेर छत्रपती संभाजीनगरला मेंदूचा एमआरआय झाला आणि आजाराला नाव मिळालं. पहिल्या लक्षणापासून तोवर सहा वर्षं गेली होती. नाव मिळालं त्याच वर्षी तिला माहेरी आणून सोडलं गेलं.

आज ती चौतीस वर्षांची आहे. काठीच्या आधाराने घरात फिरते, बचत गटाचा हिशेब लिहिते. पदयात्रेचं सांगायला मी गेले तेव्हा तिने एवढंच विचारलं, "ताई, तुम्ही सगळे माझ्या रोगासाठी चालणार, अन् मी दारात बसून बघू का?"

आजार नेमका काय आहे?

आपल्या मेंदूपासून पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंवर एक स्निग्ध आवरण असतं. त्याला मायलिन म्हणतात. विहिरीवरच्या मोटारीची केबल आठवा. आतली तार शाबूत असते, पण वरचं आवरण खारीने कुरतडलं की मोटार कधी चालते, कधी अडखळते, कधी बंद पडते. एमएसमध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणा चुकून या आवरणावर हल्ला करते. हल्ला डोळ्याच्या मज्जातंतूवर झाला तर दिसणं कमी होतं, कण्यात झाला तर पाय, लघवी, संवेदना यांवर परिणाम होतो. पुष्कळ रुग्णांमध्ये सुरुवातीच्या काळात हल्ला येतो आणि ओसरतो. त्यामुळेच आजार लपून राहतो. आवरण वारंवार कुरतडलं गेलं की आतली तारही खराब होते, आणि मग झालेलं नुकसान भरून येत नाही.

फ्रान्सचे डॉक्टर शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं स्पष्ट वर्णन केलं. तो संसर्गाने एकाचा दुसऱ्याला होत नाही. बहुतेकांना तो वयाच्या विशी ते चाळिशीत गाठतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दुपटीहून अधिक आढळतो. म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न, लेकरं यांचं जे वय, त्याच वयात.

एक खबरदारी. हातापायाला मुंग्या आल्या म्हणजे एमएस झाला असं नाही. बी-१२ ची कमतरता, मधुमेह, मणक्याचा क्षयरोग यांनीही असा त्रास होतो, आणि आपल्या भागात ही कारणं कितीतरी जास्त आढळतात. पण तरुण वयात एका डोळ्याची नजर अचानक कमी होणं, बधिरपणा किंवा अशक्तपणा दिवसेंदिवस टिकणं, बरं होणं आणि पुन्हा दुसरीकडे उद्भवणं, असं दिसलं तर भगताकडे न जाता मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावं. अघोरी उपाय करणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, हेही लक्षात असू द्या.

एमएस पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. पण हल्ले कमी करणारी औषधं आहेत, आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकं नुकसान टळतं. आपल्या मुलीची सहा वर्षं वाया गेली म्हणजे काय गेलं, ते यावरून समजेल.

संशोधनाचा गरिबाला काय उपयोग?

काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. संशोधन म्हटलं की आपल्याला परदेशी कंपनीचं लाखो रुपयांचं इंजेक्शन दिसतं. ते संशोधन कंपन्या करतात, कारण त्यात नफा आहे. पण जुनं, पेटंट संपलेलं, स्वस्त औषध एमएसवर चालतं का, हे तपासण्यात कुठल्याही कंपनीला नफा नाही. ते तपासायला लोकांचा पैसा लागतो.

रिटुक्सिमॅब या औषधाचं उदाहरण घ्या. ते मूळचं कर्करोगाचं. भारतात त्याची तुलनेने स्वस्त आवृत्ती २००७ पासून बनते. स्वीडनमध्ये सरकारी संशोधन निधीतून सुमारे दोनशे एमएस रुग्णांवर चाचणी झाली. रिटुक्सिमॅब आणि एमएससाठीच मान्यता मिळालेलं दुसरं एक औषध यांची तुलना केली गेली. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत दुसऱ्या औषधाच्या गटात सुमारे १६ टक्के रुग्णांना नवा हल्ला आला, रिटुक्सिमॅबच्या गटात सुमारे ३ टक्के रुग्णांना. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत एमएसवरची औषधं पहिल्यांदाच घेतली, आणि त्यांत क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरामर यांच्यासोबत रिटुक्सिमॅबही आहे. आपल्या जिल्ह्यातल्या मुलीला परवडू शकेल असा उपचार शोधण्याचा हा मार्ग आहे. सरकारकडे औषधाची मागणी करायची तर हातात अशा संशोधनाचा कागद लागतो.

लोकवर्गणीतून आजार हटवण्याची गोष्टही नवी नाही. अमेरिकेत १९३८ मध्ये पोलिओसाठी लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी पाठवायला सुरुवात केली. त्या निधीच्या बळावर जोनास साल्क यांनी लस तयार केली आणि १९५५ मध्ये ती वापरात आली. पुढे पोलिओचे दोन थेंब आपल्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोचले आणि २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

एमएसच्या चळवळीची सुरुवात तर एका बहिणीने केली. न्यूयॉर्कच्या सिल्व्हिया लॉरी यांच्या भावाला हा आजार होता. १९४५ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली, की यातून बरं झालेलं कोणी असेल तर कृपया कळवावं. बरं झालेल्यांची पत्रं यावीत अशी आशा होती. आली ती बहुतेक त्यांच्यासारखाच मार्ग शोधणाऱ्यांची. त्यातूनच १९४६ मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९८८ पासून तिच्या पदयात्रा सुरू झाल्या. क्रम लक्षात घ्या. आधी माणसं एकमेकांना सापडली, निधी आणि पदयात्रा नंतर आल्या.

आपण मोजलेच गेलो नाही

भारतात एमएस फार दुर्मीळ आहे असं बरीच वर्षं मानलं जात होतं. मुंबईचे ख्यातनाम मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांच्यासारख्यांनी १९८०-९० च्या सुमारास मुंबई-पुण्याच्या पारशी समाजाची पाहणी केली, तेव्हा लाखामागे वीसहून अधिक रुग्ण आढळले. त्यामागे आनुवंशिक कारणंही असतील. पण पारशी समाज छोटा, शिकलेला, नोंदी ठेवणारा आणि रुग्णालयांपर्यंत पोचलेला होता, म्हणून त्याची मोजणी होऊ शकली हेही खरं. पुढे मंगळूर शहरातल्या पाहणीत लाखामागे सुमारे ८ रुग्ण आढळले. ती नोंद २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली.

आता जालन्याचा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. मंगळूरचं प्रमाण इथे जसंच्या तसं लावता येणार नाही, पण अंदाजापुरतं लावलं तर दीडशेच्या आसपास रुग्ण निघतात. सामाजिक कामात इतकी वर्षं फिरताना मला भेटले चार. बाकीचे कुठे आहेत? कोणी "कामचुकार" म्हणून घरात बसलं असेल, कोणी "बाधा झालेली" म्हणून. समाजशास्त्र शिकताना एक गोष्ट पक्की कळली, की जो समूह मोजला जात नाही त्याच्यासाठी कोणी तरतूद करत नाही. जनगणनेत आपल्या नोंदीचा आग्रह आपण का धरतो, तेच कारण इथेही आहे. दिल्लीच्या एम्समधून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने एमएस रुग्णांची देशव्यापी नोंदवही चालते. ज्यांचं निदानच झालं नाही, त्यांची नावं त्या वहीत कुठून येणार?

म्हणून जालन्यातल्या पदयात्रेचा माझ्या मते पहिला हेतू माणसं शोधणं हा असावा. निधी हवाच, पण आपला निधी लहान असेल. सापडलेली दहा माणसं लहान नसतील.

चालणं आणि आपण

पायी चालण्याचा अर्थ आपल्याला कोणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या मागे लोक चवदार तळ्याकडे चालत गेले. नामांतरासाठी नोव्हेंबर १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून निघालेला लाँग मार्च खडकपूर्णेच्या काठी, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या उंबरठ्यावरच अडवला गेला. ते चालणं हक्कासाठी होतं. आजारी माणसाचा उपचाराचा आणि सन्मानाचा हक्क त्यापासून वेगळा काढता येईल असं मला वाटत नाही.

बाबासाहेबांना स्वतःला उत्तरायुष्यात मधुमेहाने आणि पायांच्या मज्जातंतूंच्या दुखण्याने जेरीस आणलं होतं. तो एमएस नव्हता. पण चालायला आधार लागणारा माणूसही इतिहास घडवतो, हे आपल्याइतकं कोणाला माहीत आहे?

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. भगवान बुद्धांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः धुतलं, उचलून मंचकावर निजवलं. मग भिक्खूंना विचारलं, याची सेवा का केली नाही? उत्तर आलं, की हा इतर भिक्खूंच्या काहीच उपयोगी पडत नाही. "कामाची नाही" म्हणून माहेरी आणून सोडलेल्या मुलीची गोष्ट ऐकताना मला हेच उत्तर आठवतं. रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा आहे असं तथागतांनी त्यावर सांगितलं. दानाचा विचार आपण या प्रसंगापासून सुरू करावा.

मग करायचं कसं?

तारीख. जागतिक एमएस दिन ३० मे ला असतो. पण उष्णता वाढली की एमएसच्या रुग्णांची नजर, ताकद, तोल तात्पुरता आणखी बिघडतो. जालन्याच्या मे महिन्यात त्यांना रस्त्यावर बोलावणं म्हणजे त्यांच्यासाठीच्या कार्यक्रमातून त्यांनाच वगळणं. ३० मे ला विहारात सायंकाळी माहितीची बैठक घ्यावी आणि पदयात्रा ३ डिसेंबरला, आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिनी काढावी. हवा थंड असते, आणि चैत्यभूमीला जाण्याच्या तयारीत समाज एकत्र आलेला असतो.

मार्ग. छोटा ठेवा. मस्तगडच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापासून सुरुवात करून शहरातल्या शहरात थांबावं. थोड्या थोड्या अंतरावर खुर्च्या, पाणी आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह हवं. चाकाची खुर्ची आणि रिक्षा मिरवणुकीच्या मागे नको, सर्वांत पुढे हवी, आणि सगळ्यांनी तिच्या वेगाने चालावं. कोण किती किलोमीटर चाललं याची स्पर्धा नको. पोलिसांची परवानगी आधी घ्या, आणि सकाळी सहाच्या आत लाउडस्पीकर लावू नका.

पैसा. आपला गट नोंदणीकृत न्यास नसेल तर सार्वजनिक वर्गणी गोळा करण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच. कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर किंवा मोबाईलच्या क्यूआर कोडवर पैसे घेऊ नका. ज्या संस्थेला द्यायचे तिच्या खात्यात देणगीदारानेच थेट भरावेत आणि पावती घ्यावी. देणगीवर करसवलत हवी असेल तर संस्थेची तशी नोंदणी आहे का ते बघा, आणि दोन हजार रुपयांवरची रोख देणगी त्या सवलतीत बसत नाही हे नोकरदारांना सांगा. पंधरा दिवसांच्या आत जमाखर्चाचा कागद विहाराच्या फलकावर लागला पाहिजे.

संस्था. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही १९८५ पासून मुंबईतून काम करते. पुण्यातही तिची शाखा आहे. मुंबई मॅरेथॉनच्या व्यासपीठावरूनही तिच्यासाठी लोक धावले आहेत, चालले आहेत. तिचं काम मुख्यतः रुग्णांना औषध, भौतिकोपचार, समुपदेशन आणि जनजागृती या स्वरूपाचं आहे. त्यामुळे भित्तिपत्रकावर "संशोधनासाठी" असं छापायच्या आधी कुठल्याही संस्थेला पत्र लिहून तीन गोष्टी विचारा. आमच्या पैशातला किती भाग संशोधनाला जाईल? कोणत्या संशोधनाला? आणि त्याचा अहवाल आम्हाला कधी मिळेल? उत्तर येईल तेच छापा. संशोधनासाठी म्हणून घेतलेला रुपया दुसरीकडे वळला, हेतू कितीही चांगला असला तरी, की पुढच्या वेळी लोक आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत.

हक्काचा कागद. पदयात्रेच्या शेवटी भाषणांऐवजी टेबलं मांडा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाचे अर्ज तिथेच भरून घ्या. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर उच्च शिक्षणातल्या ५ टक्के राखीव जागांवर दावा करता येतो. पण सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या कलम ३४ मधल्या यादीत एमएसचा स्वतंत्र उल्लेख नाही. आरक्षणाच्या प्रश्नावर लढणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हा मुद्दा हातात घ्यायला हवा. पदयात्रेतून एक निवेदन जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं असेल तर ते याचं जावं.

शोध. पदयात्रेआधीचे दोन महिने आठही तालुक्यांत विहारांमधून, महिला मंडळांमधून, आशाताईंकडून एकच विचारणा करा. तरुण वयात नजर जाऊन परत आलेलं, पाय बधिर होऊन सुधारलेलं कोणी आहे का? निदान आपण करायचं नाही, तो डॉक्टरांचा अधिकार. आपण फक्त त्या माणसाला तपासणीपर्यंत न्यायचं, एसटीत शेजारी बसायचं आणि अहवाल हातात येईपर्यंत सोबत राहायचं.

काकांना मी शेवटी एवढंच म्हणाले, की शिष्यवृत्तीची लढाई आणि ही लढाई एकमेकींच्या आड येत नाहीत. ज्या मुलीची शिष्यवृत्ती आपण भांडून मिळवली, तीच उद्या या आजाराने अंथरुणाला खिळली तर आपण तिला ओळखू का, हा प्रश्न आहे. काका काही बोलले नाहीत. पण बैठक संपल्यावर थांबून त्यांनी विचारलं, "त्या पोरीच्या गावाला जायला सकाळची गाडी किती वाजता आहे?"

पुढच्या रविवारी आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. मार्ग कोणता ठेवायचा आणि खुर्च्या कुठे मांडायच्या, हे तिलाच विचारायचं ठरलं आहे. जिल्ह्यातल्या इतर गटांनीही आपापल्या भागात असं एक दार ठोठवावं, ही विनंती.

नमो बुद्धाय. जय भीम.